हेमराजबाबूंची अस्सल प्रत

मोहाडीच्या हेमराज धकाते यांना तोंडावर चोर म्हणेल असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. म्हणून असेल, ते काम त्यांच्या घरच्या कम्प्युटरनं केलं.

हेमराजबाबू एका खाजगी शाळेत मुख्य लिपिक. तीस वर्षांच्या नोकरीत शाळेची टाचणीसुद्धा कधी त्यांच्या खिशाला लागून घरी आली नाही, आणि एकदा आली तेव्हा दुसऱ्या दिवशी ती परत जमा करून त्यांनी शिपायाची सही घेतली होती. पोरांच्या मार्कशिटांच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारण्याआधी ते मूळ कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहत. सही मुख्याध्यापकांची असे, पण गावात म्हणत, शिक्का हेमराजबाबूंचा असला की सही नसली तरी चालते.

२०१२ सालच्या जानेवारीतली गोष्ट. शेजारचे घनश्यामभाऊ गाड्यांचं टाइमटेबल पाहायला आले होते. घनश्यामभाऊ नाकाडोंगरीकडच्या खाणीत टाइमकीपर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी लोकांची वेळ मोजायची सवय काही गेली नव्हती. हेमराजबाबूंनी कम्प्युटर सुरू केला, आणि पडद्यावरचा हिरवा डोंगर गायब होऊन सगळं काळं झालं. कोपऱ्यात इंग्रजीतल्या दोन ओळी उमटल्या.

घनश्यामभाऊंनी चष्मा पुसला आणि अक्षरं जुळवत वाचलं. मग खुर्ची थोडी मागे सरकवली.

"हेमराजभाऊ, हा तं म्हणते का तुमच्या घरची विंडोज असली नाही. नकली माल आहे म्हणते."

"कोण म्हणते?" आतून चहा घेऊन येत रंजिताबाईंनी विचारलं.

"कम्प्युटर म्हणते, वहिनी."

"त्याले काय समजते?" असं म्हणून रंजिताबाईंनी कपबशा त्याच्यासमोरच ठेवल्या. घरातली ती शेवटची शहाणी प्रतिक्रिया होती.

घनश्यामभाऊंनी चहा पूर्ण केला, "मी कोनाले सांगत नाही," असं आपणहून सांगितलं आणि ते गेले. दुपारी दळण आणायला गेलेल्या हेमराजबाबूंना गिरणीवाल्यानं विचारलं, "बाबू, तुमच्या घरी काय सापडलं म्हणतात?"

कम्प्युटर तीन वर्षांपूर्वी तुमसरच्या भैय्यालालकडून घेतलेला. मुलगी कीर्ती तेव्हा बारावीला होती. आता ती पुण्याला इंजिनिअरिंग करत होती आणि कम्प्युटर मोहाडीला होता. दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हेमराजबाबू भैय्यालालच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"मला असली विंडोज पाहिजे."

भैय्यालालनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "असली? कायले?"

"कायले म्हणजे? माझ्याकडे आहे ती नकली आहे."

"चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मंग झालं तं." भैय्यालालच्या दृष्टीनं विषय संपला होता. "बाबू, माझ्या दुकानातून पार सिहोऱ्यापर्यंत कम्प्युटर गेले. असली मांगणारे तुमी पहिले."

त्यानं स्केचपेननं नाव लिहिलेली एक सीडी काढली. ही टाकली की ती सूचना येत नाही. हेमराजबाबूंनी सीडीकडे असं पाहिलं, जणू कोणी त्यांच्यापुढे कोरा दाखला शिक्क्यासाठी ठेवला होता.

"म्हणजे साक्षीदाराचं तोंड बंद करायचं?"

"तुमी तं कोर्टातच घेऊन जाऊन राहिले," भैय्यालाल म्हणाला. "असलीच घ्याची तं नागपूरहून मागवा लागंल. आन् ते तुमच्या डब्याले झेपणार नाही. पहिले नवा कम्प्युटर घ्या, मंग असली विंडोज घ्या. आन् मंग मले सांगा, फरक काय पडला."

खरं म्हणजे गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण घनश्यामभाऊंना मधल्या काळात ती इंग्रजी ओळ पुन्हा आठवली होती. त्यात 'व्हिक्टिम' असा शब्द होता. व्हिक्टिम म्हणजे चोर नव्हे, बळी. "तुमच्यावर तं अन्याय झाला हेमराजभाऊ! रिपोर्ट टाका. एकदा रिपोर्ट टाकला का मानूस सुटते." हेमराजबाबूंना हे पटलं. ज्याचं मन आधीच खचलेलं असतं त्याला काहीही पटतं.

ठाण्यातल्या जमादारानं त्यांना बसायला खुर्ची दिली, कारण त्याची पोरगी त्यांच्याच शाळेत होती.

"काय चोरीले गेलं, बाबू?"

"काही गेलं नाही."

"मंग?"

"चोरीचं माझ्याकडे आलं."

जमादार लिहिता लिहिता थांबला. "कुठी आहे?"

"कम्प्युटरच्या आत."

"दिसते का?"

"तसं दिसत नाही. पण आहे."

जमादारानं पेनाचं टोपण लावलं. "बाबू, तुमी घरी जा. काही टेन्शन असंल तं वहिनीले सांगा." मग दारापर्यंत पोचवायला येऊन त्यानं हळूच विचारलं, "नोकरीत काही झालं नाही ना?"

या अपमानावर उतारा सापडला तो शाळेतच. गणिताचे ईश्वर सर दिघोरीचे. घरची धानाची शेती, पण जीव सगळा कम्प्युटरात. स्टाफरूममध्ये ते गेली दोन वर्षं लिनक्सबद्दल बोलत होते आणि बाकीचे डबे खात होते. हेमराजबाबू पहिल्यांदाच डबा बंद करून ऐकायला बसले.

"फुकट आहे म्हणता?" हेमराजबाबूंच्या स्वरात संशय होता. फुकटच्या गोष्टीचा त्यांना सरकारी परिपत्रकापेक्षा जास्त धाक वाटे.

"फुकट नाही बाबू, मोकळं. आमच्याकडे शेजाऱ्याजवळ चांगलं बियाणं असलं तं आमी मागतो. तो देते. पुढच्या साली आमी तिसऱ्याले देतो. यात चोरी कोणाची झाली? हे तसंच आहे. बनवणाऱ्यानंच म्हटलं, घ्या, वापरा, दुसऱ्याले द्या."

"लेखी आहे का तसं?"

"लेखी आहे."

ईश्वर सरांनी दुसऱ्या दिवशी तो परवाना छापून आणला. हेमराजबाबूंनी तो तीन दिवस शब्दकोश घेऊन वाचला, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि फाइलला लावला. ईश्वर सर रविवारी येऊन लिनक्स टाकून देणार होते. पण शनिवारी त्यांच्या सासऱ्यांची तब्येत बिघडली आणि ते लाखांदूरला गेले. जाताना सीडी देऊन म्हणाले, "मी आल्यावर करू. आन् तुमीच केलं, तं पहिले सगळ्या फायली बाहेर काढून ठेवजा. सगळ्या."

थांबायचं की नाही यावर हेमराजबाबूंनी फार विचार केला नाही. काळ्या पडद्याला काही आठवडे झाले होते. शिवाय रविवारी सकाळी घनश्यामभाऊ येऊन बसले होते, वेळ मोजायला.

इथे डिस्कच्या वाटणीबद्दल सांगायला पाहिजे. कम्प्युटर घेतला तेव्हा भैय्यालालनं समजावलं होतं की आतली डिस्क एकच, पण तिचे दोन भाग केले आहेत, सी आणि डी. जसे एका भंडारा जिल्ह्याचे भंडारा आणि गोंदिया असे दोन झाले तसे. विंडोज राहते सीमध्ये. ती बिघडली की सी पुसून टाकायची, नवी भरायची. डीला कोणी हात लावत नाही. "सी उडते, डी राहते," हे भैय्यालालचं वाक्य हेमराजबाबूंनी वहीत लिहून घेतलं होतं. दोनदा सी उडाली होती आणि दोन्ही वेळा डी राहिली होती. म्हणून त्या रविवारी त्यांनी सीमधलं सगळं, स्वतःचे स्कॅन केलेले दाखले, सेवापुस्तकाच्या प्रती, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभातलं भाषण, नीट सीडीवर काढून घेतलं. डीमध्ये होतं दादाचं काम. ते सुरक्षितच होतं.

दादा म्हणजे थोरले भाऊ चंद्रभान. धकात्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माग चालला. करवतीच्या दातांसारखा काठ असलेली कोशाच्या रेशमाची साडी विणणारे मोहाडीत जे थोडे उरले होते, त्यांत चंद्रभानदादा. हेमराजबाबू शाळा शिकून कारकून झाले. दादा मागावरच राहिले. माग बंद झाला, आणि त्यानंतर काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खायला घेतली. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कीर्तीला कल्पना सुचली. कम्प्युटरवर चौकोनांची पानं उघडून ती बसायची आणि मोठेबाबा, म्हणजे दादा, शेजारी बसून सांगायचे, दोन घरं लाल, एक पांढरं, मग पुन्हा लाल. पडद्याला नाक लावून ते तपासायचे. चुकलं की म्हणायचे, "नाई बाई, इथं दात मोडला." दीड महिन्यात त्रेचाळीस काठ झाले. काहींना नावंच नव्हती. दादांनी ती त्या वेळी दिली.

रविवारी दहा वाजता सीडी घातली. लिनक्सनं पहिल्यांदा विचारलं, भाषा कोणती? मग गाव विचारलं. मोहाडी यादीत नव्हतं, तेव्हा हेमराजबाबूंनी नाइलाजानं कोलकाता निवडलं. मग विचारलं की संपूर्ण डिस्क पुसून टाकायची, की वाटणी स्वतः करायची?

"वाटणीच्या भानगडीत पडू नका," घनश्यामभाऊ ठामपणे म्हणाले. "आमच्या घरची वाटणी अजून तलाठ्याकडं पडून आहे."

"पण डी?"

"डी राहते ना? तुमीच तं सांगितलं."

हेमराजबाबूंनी क्षणभर वही पाहिली. वाक्य तिथेच होतं, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी बटण दाबलं.

पहिल्या खेपेला कळफलक भलत्याच देशाचा निवडला गेला. दुसऱ्या खेपेला पासवर्ड टाकला आणि तोच विसरला. तिसऱ्या खेपेला दुपारी दोन वाजता पडदा उजळला. काळं नाही, कोपऱ्यात आरोप नाही. घनश्यामभाऊंनी टाळ्या वाजवल्या. रंजिताबाईंनी शिरा केला. हेमराजबाबू तासभर नुसते त्या पडद्यासमोर बसून होते, नवं धोतर नेसून माणूस बसतो तसे.

मग त्यांनी डी शोधायला सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक चित्रावर टिचकी मारून पाहिली. सोमवारी ईश्वर सरांना फोन लावला आणि दुसऱ्या कोणाची अडचण असल्यासारखं, भंडारा-गोंदियाचा दाखला देऊन विचारलं. सर म्हणाले, "संपूर्ण डिस्क म्हणजे सगळीच ना बाबू. दोन्ही जिल्हे." हेमराजबाबू म्हणाले, "हो, मी तेच त्यांना सांगितलं." मग त्यांनी पुण्याला कीर्तीला फोन केला. "घरीच ठेवलं होतं, बाबा," ती म्हणाली. "डीमध्ये. काहून?" "काही नाही, सहज," म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग तुमसरला भैय्यालाल. त्यानं डिस्क चार दिवस ठेवून घेतली आणि पुसलेलं परत आणायचा प्रयत्न केला. परत आले कीर्तीच्या गॅदरिंगचे अर्धे कापलेले फोटो, आणि न मागता आलेली काही सिनेमाची गाणी. "एकदा टाकलं असतं तं आलं असतं," तो म्हणाला. "तुमी त्याच्यावर तीनदा नांगर फिरवला. आन् बाबू, सी उडते डी राहते, हे मी माझ्या हातचं सांगितलं होतं. तुमच्या हातचं नाही."

रंजिताबाईंना त्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादाले आजच सांगा. जेवढं ठेवसाल तेवढं सडंल."

पण सांगायच्या ऐवजी हेमराजबाबूंना एक आधार मिळाला. तो म्हणजे प्रिंटर. घरचा जुना प्रिंटर लिनक्सला ओळखच देईना. त्याच आठवड्यात चंद्रभानदादा काठी टेकत आले. नागपूरच्या चंद्रकांताबाई, ज्यांचं साड्यांचं दुकान आहे, त्या होळीनंतर येणार होत्या. त्यांना ते काठ कागदावर पाहायचे होते. जमले तर आंधळगावच्या एकदोन मागांवर विणून घेणार होत्या.

"प्रिंट काढून ठेवजो गा," दादा म्हणाले.

"प्रिंटर चालत नाही, दादा," हेमराजबाबू म्हणाले, आणि हे खरं होतं. आयुष्यात त्यांनी इतक्या खऱ्या वाक्यानं कधी इतकं खोटं सांगितलं नव्हतं.

त्या प्रिंटरनं महिनाभर त्यांना तारलं. गल्लीनं सल्ले दिले. घनश्यामभाऊ म्हणाले, वायर उलटी करून पाहा. पोस्टमननं सांगितलं, त्याच्या मेव्हण्याकडे असंच झालं होतं, शाई गरम करायची असते. दादा भेटेल त्याला अभिमानानं सांगत, "आमच्या हेमराजनं असली सिस्टीम टाकली. आता एकही गोष्ट चोरीची नाही घरात. फक्त प्रिंटर ऐकून नाही राहिला." हे ऐकून हेमराजबाबू मान खाली घालत आणि लोक त्याला विनय समजत. काळा पडदा जाऊन असली पडदा आला आहे, हे पाहायला मात्र एक माणूस आला नाही. गिरणीवाल्यानंही पुन्हा विचारलं नाही.

ईश्वर सरांना मात्र प्रिंटरनं झपाटलं. ज्या लिनक्सची त्यांनी शिफारस केली त्याची बदनामी होत होती. शाळा सुटली की ते रोज येऊन बसत. कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसानं लिहिलेला उपाय त्यांनी इंटरनेटवर शोधून काढला. हेमराजबाबू त्यांना परत परत म्हणत, "राहू द्या सर, तुमचा वेळ जातो." सर म्हणत, "तुमच्यासाठी एवढं नाही करणार?"

होळीच्या आदल्या शनिवारी, चार वाजता, प्रिंटर घसा खाकरल्यासारखा वाजला. आत कागद ओढला गेला आणि रंगीत पट्ट्यांचं चाचणीचं पान सरकत बाहेर आलं.

"जमलं!" ईश्वर सर खुर्चीवरून उठले. घनश्यामभाऊंनी घड्याळ पाहून वेळ सांगितली. खिडकीतून कोणी तरी ओरडलं, "दादाले बलावा!" आणि घनश्यामभाऊ स्वतःच गेले. ईश्वर सरांनी वळून पाहिलं तर हेमराजबाबू ते चाचणीचं पान दोन्ही हातांत धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. सरांना वाटलं, आनंदानं.

दादा आले. दारात थांबून, डोकं थोडं तिरपं करून, जेवढं दिसत होतं तेवढ्या नजरेनं त्यांनी खोली शोधली.

"चालला म्हणतात?"

"चालला, दादा."

"मंग काढ."

हेमराजबाबूंनी ईश्वर सरांकडे पाहिलं, घनश्यामभाऊंकडे पाहिलं. कोणी उठेना. सांगायचं तर सगळ्यांसमोरच सांगायला लागणार होतं.

"दादा, ते नाही."

"काय नाही?"

"काठ नाहीत. सिस्टीम टाकताना पुसले गेले. महिना झाला. मी तुले सांगितलं नाही."

घनश्यामभाऊंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मग त्यांना तो रविवार आठवला. त्यांनी ते मिटलं.

"सगळे?" दादांनी विचारलं.

"सगळे."

"अन् तुझं? तुझं काही गेलं का?"

"माझं नाही," हेमराजबाबू म्हणाले. "माझं मी काढून ठेवलं होतं."

दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हातानं चाचपत खुर्चीवर बसले. रंजिताबाईंनी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. ईश्वर सर आणि घनश्यामभाऊ पाय न वाजवता निघून गेले. ते गेल्यावर दादा म्हणाले, "पोरीनं दीड महिना डोळे फोडले माझ्यासंगं." आणि आणखी थोड्या वेळानं, "चौकोनाचे कागद मिळतात का दुकानात?"

दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ ओसरीत बसू लागले. कम्प्युटर आत झाकून ठेवला होता. दादा घरं सांगायचे, हेमराजबाबू पेन्सिलीनं भरायचे. फरक एवढाच की या वेळी दादांना कागद दिसत नव्हता. पडद्यावर उजेड होता, पेन्सिलीला नव्हता. चुकलं की नाही हे त्यांना बोटांनी तर कळणार नव्हतं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसत, दोन्ही हात मागावर असल्यासारखे हवेत धरत, नसलेला धोटा इकडून तिकडे टाकत आणि हातांना आठवेल ते मोठ्यानं म्हणत. काही काठ झरझर आले. काही अर्ध्यात तुटले. "हा राहू दे," ते म्हणत, आणि राहिला तो राहिलाच. आठ दिवसांत त्रेचाळीसपैकी सव्वीस झाले.

शेवटचा काठ त्यांच्या वडिलांचा होता. मोठी करवत, मधे रुईच्या फुलासारखी नक्षी. वडील तो फक्त लग्नाच्या साडीवर घालायचे. दादांनी निम्मा काठ सांगितला आणि ते थांबले. हात हवेतच राहिले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबले.

"फुलाच्या खाली सात घरं का नऊ?" ते म्हणाले. "तुले आठवते का गा? तू खालीच बसला राहायचा ना, सुताच्या कांड्या भरत."

हेमराजबाबू तिथे बसलेले असत हे खरं होतं. पण त्यांच्या मांडीवर पुस्तक असे. माग डोक्यावर खटखटत असे, आणि या घरातून एकदा बाहेर पडायचं म्हणून ते पाढे पाठ करत असत. वर काय विणलं जातं आहे हे त्यांनी मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.

दादा वाट पाहत होते. चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवलेला.

"नऊ," हेमराजबाबू म्हणाले.

"नऊ," दादांचा चेहरा सैल झाला. "हो. नऊच असतीन. मीच सातावर अडकलो होतो." आणि त्यांनी उरलेला काठ एका दमात सांगून टाकला.

चंद्रकांताबाई येऊन सगळे कागद घेऊन गेल्या. त्यातला वडिलांचा काठच त्यांना सगळ्यात आवडला. आंधळगावला तो विणला गेला, चांगला खपला, अजून खपतो. दादा आता नाहीत. नागपूरला काही कामानं गेले की हेमराजबाबू वाट वाकडी करून त्या दुकानासमोर थांबतात. काचेआड साडी टांगलेली असते. ते चष्मा लावून फुलाच्या खालची घरं मोजतात. नऊ भरतात. मग पुढच्या फुलाखालची मोजतात.